घोड्यांच्या हौदाचे रंगारी साहेब

रंगारी साहेबांइतका पक्का घाबरट माणूस पुण्यात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. माझ्या शपथेला आमच्या घरातही कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा. पालिकेच्या लेखा विभागात अंदाजपत्रकाच्या टेबलावर हा माणूस बावीस वर्षं बसला आणि बावीस वर्षं घाबरला. फोन वाजला की ते आधी उभे राहायचे, मग शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मग रिसीव्हर उचलायचे. पलीकडून कोणीतरी "गॅस एजन्सी का?" असं विचारायचं. हे "नाही साहेब, क्षमा करा साहेब" म्हणून फोन ठेवायचे, आणि ठेवल्यावरही मिनिटभर उभेच.

लिफ्टने ते कधी गेले नाहीत. जिना चढायचे तोही भिंतीकडून, कारण कठड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो कोणी बसवला आणि त्याचं बिल किती वेळा परत आलं होतं, हे त्यांना पाठ होतं. कँटीनचा चहा आधी मला प्यायला लावायचे. मी मेलो नाही अशी खात्री पटेपर्यंत त्यांचा चहा गार व्हायचा, आणि मग गार चहाने सर्दी होईल म्हणून तो तसाच राहायचा. उंचीने बेताचे, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. दोन्ही पेनं एकाच दिवशी आटली तर काय, या विचाराने त्यांनी ती पेन्सिल ठेवली होती. पेन्सिल मोडली तर काय, हा विचार मीच एकदा त्यांच्या डोक्यात घातला. दुसऱ्या दिवशी टोकयंत्र आलं.

मूळचे ते भंडाऱ्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले, कर्वेनगरात एका सोसायटीत दोन खोल्या घेतल्या, बायको शाळेत शिकवायची. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून दोघं विहारात जायची. तिथे मात्र ते कशालाच घाबरत नसत, असं वहिनी सांगायच्या. मला ते खरं वाटायचं नाही. एरवी त्यांची भाषा इतकी शुद्ध असायची की आमच्या पानसे बाई, ज्या सदाशिव पेठेबाहेरच्या मराठीला मराठी मानत नसत, त्यासुद्धा गप्प बसायच्या. पण भीती वाढली की आतला भंडारा वर यायचा. 'मला'चं 'मले' झालं की आम्ही ओळखायचो, आयुक्तांनी बोलावलंय. "काय होऊन राहिलं बापा" असं ऐकू आलं की लेखापरीक्षणवाले आलेत. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा आम्हाला याचा उपयोग जास्त होता.

पानसे बाई एकदा म्हणाल्या, "रंगारी, उद्या रविवार आहे. तसं लेखी पत्र आलेलं नाही तुम्हाला, म्हणून सांगितलं."

"बरं झालं सांगितलंत," रंगारी साहेब म्हणाले, आणि खरोखरच डायरीत लिहून घेतलं.

मी पाणीपट्टीच्या खिडकीवरून बदलून त्यांच्या शेजारच्या टेबलावर आलो, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच धडा दिला. "दिघेभाऊ, आधी भिऊन घ्या, मग सही करा. सही केल्यावर भिऊन काही उपयोग नसतो." मी हसलो. ते हसले नाहीत.

ते दिवसच भीतीचे होते, हेही सांगितलं पाहिजे. शहर नुसतं उतू जात होतं. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यात काम करणारी पोरं आमच्या आयुक्तांपेक्षा जास्त पगार घेतात अशा वार्ता रोज येत होत्या. खडकवासल्यातलं पाणी होतं तेवढंच, पिणारी तोंडं मात्र दर आठवड्याला वाढत होती. जकात जाणार, तिच्यावरच तर पालिका जगते, मग पगार कुठून, असं जो तो दबक्या आवाजात विचारायचा. झाडूकाम ठेक्यावर जाणार, उद्यानं ठेक्यावर जाणार, पानसे बाईंच्या मते एके दिवशी महापौरही ठेक्यावर जाणार होत्या. हिवाळा आला की अंदाजपत्रक यायचं आणि अंदाजपत्रक आलं की 'कपात' हा शब्द यायचा. तो उच्चारला की आमचा अख्खा मजला जीव मुठीत धरून बसायचा.

त्यातच आमच्याकडे संगणक आला. पंधरा दिवस त्याच्यावर कापड होतं. रंगारी साहेब सकाळी आल्यावर त्या कापडाला नमस्कार करायचे. भक्तीने नाही, वाघाच्या पिंजऱ्यापुढून जाताना आपण जरा वाकून जातो तसं. कापड निघालं, छापील कागद बाहेर पडू लागले आणि रंगारी साहेबांनी ते सगळे हाताने पुन्हा बेरजून पाहायला घेतले. वरून खाली एकदा, खालून वर एकदा. संगणक बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, टाय लावलेला, त्यांच्याकडे बघून म्हणाला, "सर, मशीन चुकत नाही."

"चुकत नसेल," रंगारी साहेब म्हणाले, "पण घाबरतही नाही ना. घाबरलेला माणूस बेरीज दोनदा करतो."

तिसऱ्या दिवशी त्यांना फरक सापडला. एक रस्ता दोनदा धरला गेला होता. तो रस्ता केवढा होता म्हणाल तर मी 'इथून साताऱ्यापर्यंत' असं सांगत आलोय. खरं म्हणजे गल्ली होती. पण इंजिनिअरने टाय सैल केला, हे मी स्वतः पाहिलं.

आता मुख्य गोष्ट. अंदाजपत्रकाचं पुस्तक म्हणजे विटेएवढं जाड. त्यात प्रत्येक खर्चाला एक नाव आणि एक क्रमांक, त्याला आम्ही लेखाशीर्ष म्हणतो. त्या नावाखाली जेवढी तरतूद तेवढाच खर्च. नाव गेलं की खर्च गेला. एका दुपारी पुस्तक तपासताना मला एक नाव दिसलं: 'टांगा तळ, कसबा पेठ: घोड्यांचा हौद, निगा व देखभाल'. पुण्यात मी शेवटचा टांगा पाहिला तेव्हा मला मिशी नव्हती. मी हसत हसत पुस्तक रंगारी साहेबांपुढे धरलं.

त्यांनी उठून दार लावलं.

"मोठ्याने वाचू नका," ते म्हणाले. "तिथे घोडे नाहीत. लेकरं आहेत."

मग त्यांनी सांगितलं. कसब्यात पूर्वी टांग्यांचा तळ होता, घोडे बांधायची शेड होती. टांगे गेले, शेड राहिली. रस्ते झाडणाऱ्या बायका पहाटे कामावर यायच्या, तान्ही पोरं हातगाडीला झोळी बांधून त्यात ठेवायच्या. कोण्या जुन्या अधिकाऱ्याने त्या शेडमध्ये पाळणाघर काढलं आणि आया नेमल्या. पगार कुठून द्यायचा? नवं लेखाशीर्ष काढायचं तर सभेची मंजुरी, चर्चा, भाषणं. त्याने घोड्यांच्या हौदाच्या देखभालीतून दिला. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही. रंगारी साहेब टेबलावर आले तेव्हा ही रीत जुनी झालेली होती.

"मग तुम्ही नाव का बदललं नाहीत?"

"दर वर्षी बदलायला घेतो," ते म्हणाले. "पेनाचं टोपण काढतो. मग मनात येतं, पाळणाघर असं नाव लिहिलं की ते कोणाच्या तरी डोळ्यात भरेल. कोणी म्हणेल, हे पालिकेचं काम आहे का. कोणी म्हणेल, ठेक्यावर द्या. घोड्यांच्या हौदाकडे कोण बघतं? जे कोणी वाचत नाही ते टिकतं, दिघेभाऊ." मग म्हणाले, "माझी आई विड्या वळायची. माझ्या पायाला सुतळी बांधून दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला बांधायची. मी रांगत लांब गेलो की तिचा अंगठा ओढला जायचा. तेवढंच पाळणाघर."

एवढं बोलून त्यांनी दार उघडलं आणि बाहेर कोणी ऐकत नव्हतं ना, हे दोन्हीकडे बघून घेतलं.

आता माझं तोंड. माझ्या तोंडाविषयी जास्त सांगत बसत नाही, एवढंच सांगतो की लेकरांविषयी मी कोणाला बोललो नाही. घोड्यांविषयी बोललो. पुढच्याच आठवड्यात कँटीनमध्ये चार टाळकी जमली होती आणि मला राहवलं नाही. म्हटलं, आपल्या पालिकेच्या सेवेत अजून घोडे आहेत. एकाला वेतन आयोग लागू झालाय. दुसऱ्याचं पदोन्नतीचं प्रकरण प्रलंबित आहे. तिसरा वैद्यकीय रजेवर आहे, पण दाखला जनावरांच्या डॉक्टरचा असल्याने तो ग्राह्य धरायचा की नाही यावर फाईल फिरतेय. लोक टेबल बडवत होते. कोणीतरी म्हणालं, थापा. मी म्हटलं, पुस्तकात आहे.

मागच्या टेबलावर साबुदाणा वडा खात एक तरुण बसला होता. समोर लॅपटॉप. तो हसत नव्हता. त्याने विचारलं, "कोणत्या पानावर?"

मी पान सांगितलं.

ते नगरसेवक लेले होते. कर्वेनगरच्या बाजूने नुकतेच निवडून आलेले, आधी कोणत्याशा संगणक कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता, उलट फारच चांगला होता. अंदाजपत्रकाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा असा नगरसेवक आम्ही पूर्वी पाहिला नव्हता, म्हणून आमची तशी तयारीच नव्हती.

चार दिवसांनी त्यांची लेखी उपसूचना आली. टांगा तळाची तरतूद पूर्ण रद्द करावी. कागद माझ्याच हातात आला.  रंगारी साहेबांना कागद दिला आणि कँटीनचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, हा माणूस आता इथेच आडवा होणार.

त्यांनी चष्मा काढला. "पानाचा नंबर सांगितला का?"

"हो."

"बरोबर सांगितला?"

"हो."

"चुकीचा सांगायचा होता ना बापा," ते म्हणाले. रागाने नाही. मोठ्या दुःखाने.

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या वर्षी पाणीपट्टी वाढवायचा प्रस्ताव होता आणि नगरसेवकांनी ठरवलं होतं की आधी निरर्थक खर्च कापायचे, जेवढं कापलं जाईल तेवढी वाढ कमी करायची. एरवी अशा उपसूचना ढिगाने येतात आणि ढिगाने पडतात. त्या वर्षी एकही पडणार नव्हती. आणि एप्रिलच्या एक तारखेला त्या आयांचा पगार, दूध, सगळं थांबणार होतं. रंगारी साहेब मुख्य लेखापालांकडे गेले. मी दाराबाहेर उभा होतो. मुख्य लेखापालांचा आवाज खाली आला होता. "आत्ता कबूल केलं तर विचारतील, इतकी वर्षं चुकीच्या नावाखाली खर्च का दाखवला. तुम्हीही जाल, मीही जाईन. सभेत बघू. सभा लांबेल, विसरतील."

रंगारी साहेब बाहेर आले ते भिंतीला हात लावत. पुढचे आठ दिवस त्यांनी डबा उघडला नाही. मी उघडायचो, पण खायचा शिपाई. पानसे बाईंनी दोघांकडे बघून विचारलं, "कोणी गेलंय का?" आम्ही दोघंही नाही म्हणालो. "मग जाणार आहे का?" यावर मात्र आम्ही दोघांनी एकदमच गठ्ठ्यात डोकं घातलं.

सभेचा दिवस. वर महापौरबाई, शेजारी आयुक्त, मग अधिकाऱ्यांची रांग आणि त्यांच्या पाठीमागे आम्ही, मांडीवर गठ्ठे घेऊन. तिथली रीत अशी की कारकुनाने बोलायचं नाही. नगरसेवकाने प्रश्न विचारला की आम्ही उत्तर चिठ्ठीवर लिहायचं, पुढे सरकवायचं आणि साहेबांनी ते स्वतःच्या पोटातून आल्यासारखं वाचायचं. रंगारी साहेबांनी बावीस वर्षांत अशा इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या की एकापुढे एक ठेवल्या तर त्यांवरून चालत लोणावळा गाठता आलं असतं. त्या सभागृहात त्यांचा आवाज मात्र कोणी ऐकला नव्हता. त्यांना तिथे खोकला आला तरी ते तो गिळायचे.

लेले उठले. "महापौर महोदया, पुण्यात आज किती टांगे आहेत?"

हशा झाला. कोणीतरी मागून म्हणालं, "घोडेच जास्त आहेत, ते सगळे इथे बसलेत." आणखी हशा. मुख्य लेखापालांनी पाठीमागे हात केला. रंगारी साहेबांनी चिठ्ठी दिली. मला ती दिसत होती: 'हा खर्च घोड्यांवर होत नाही. सफाई कामगार स्त्रियांच्या पाळणाघरावर होतो.' मुख्य लेखापालांनी चिठ्ठी मनात वाचली आणि खिशात घातली. 

दुसरी चिठ्ठी: 'एकतीस मुले आहेत.' तीही खिशात गेली.

तिसरी चिठ्ठी त्यांनी घेतलीच नाही. हात पुढे ओढून घेतला. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. घाबरण्यात ते काही रंगारी साहेबांना हार जाणारे नव्हते. फक्त त्यांची भीती वरच्या वेतनश्रेणीतली होती.

महापौरबाई म्हणाल्या, "याला कोणाचा विरोध दिसत नाही. मी उपसूचना मताला टाकते."

माझ्या शेजारी खुर्ची वाजली. आधी मला वाटलं, हे चक्कर येऊन पडताहेत. मी हातही पुढे केला. पण रंगारी साहेब पडत नव्हते, उभे राहत होते. मांडीवरचे गठ्ठे धडाधड खाली पडले. त्यांचे गुडघे इतके कापत होते की ते थरथरणं लाकडी फरशीतून माझ्या चपलांत येत होतं. यात माझी भर नाही, चपला माझ्या होत्या.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "मी बोलून राहिलो."

सगळं सभागृह वळलं. "कोण आहे हे?" महापौरबाईंनी विचारलं.

नगरसचिव उभे राहिले. "कर्मचारी आहेत. त्यांना सभेत बोलता येत नाही."

"येत नाही, बरोबर आहे," रंगारी साहेब म्हणाले. "मले बोलता येत नाही. पण घोडे नाहीत तिथं. लेकरं आहेत, एकतीस. नाव चुकीचं हाय ते माझं पाप, मी लिहिलं. लेकरांचं काऊन कापता? माझं कापा."

आणि मग ते बसले नाहीत. बसायचं विसरले असावेत. कोणी हसलं नाही. पत्रकारांच्या बाकावरचं एक पेन खाली पडलं, ते पार गॅलरीपर्यंत ऐकू गेलं असेल. मी महापौरबाईंकडे बघत होतो. या बाई फार कडक, नगरसेवकांना घरच्या पोरांसारखं बसवायच्या.

त्या शांतपणे म्हणाल्या, "या कर्मचाऱ्याचं बोलणं इतिवृत्तातून काढून टाका. यांनी सभागृहाबाहेर जावं." समोरचा कागद त्यांनी उलटा करून ठेवला. "आणि सभा तीन वाजेपर्यंत तहकूब."

बाहेर व्हरांड्यात रंगारी साहेब खांबाला टेकून उभे होते, डोळे मिटून. मी गठ्ठे घेऊन मागोमाग आलो. तेवढ्यात लेले झपाझप येताना दिसले. मी मनातल्या मनात माझ्या मुलीच्या फीचा हिशेब करायला लागलो, कारण पान सांगणारा कोण हे लेल्यांना चांगलं ठाऊक होतं.

"रंगारी ना तुम्ही? मला दाखवा ते पाळणाघर."

"आता?"

"तीनपर्यंत वेळ आहे. चालत किती लांब आहे?"

आम्ही तिघे चालत निघालो. पूल ओलांडून कसब्याच्या गल्ल्यांत शिरलो. वाटेत रंगारी साहेबांचे फक्त ओठ हलत होते. एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानामागे ती शेड होती. दारातच हौसाबाईंनी अडवलं. या मुख्य आया, हातात दुधाची वाटी.

"चपला भायेर. आन् आवाज नगं, आत्ताशी निजल्यात."

"हे नगरसेवक आहेत, हौसाबाई," मी हळूच म्हणालो.

"असूद्या की. चपला घालून आलेत न्हवं?"

नगरसेवक लेल्यांनी बूट काढले. आत अर्धवट अंधार होता. भिंतीला ओळीने लोखंडी कड्या होत्या, आणि एका भिंतीच्या कडीपासून समोरच्या भिंतीच्या कडीपर्यंत साडीच्या झोळ्या बांधलेल्या होत्या. प्रत्येक झोळीत एक पोर. एकतीस पोरं एका वेळी श्वास घेत होती. एक जागं होतं, ते लेल्यांच्या टायकडे बघत होतं. लेल्यांनी एका कडीला बोट लावलं.

"या कशाच्या?"

"घोडे बांधायच्या," रंगारी साहेब म्हणाले.

लेल्यांनी कडीवरचं बोट काढलं आणि झोळ्या एकेक करून मोजल्या. बाहेर आल्यावर बूट घालताना म्हणाले, "मी उपसूचना मागे घेतो. पण नाव बदला, रंगारी. पुढच्या वर्षी माझ्यासारखा दुसरा कोणी येईल आणि तुम्ही तिथे नसाल."

"नाव लिहिलं तर कोणीतरी कापंल, साहेब."

"कापायला आलं तर त्यालाही असंच घेऊन या. पण घोडे सांगून फसवू नका. मी आज सकाळी एकतीस मुलांना हसत हसत बाहेर काढणार होतो." बोलता बोलता त्यांनी डावा बूट उजव्या पायात घालायला घेतला होता. या माणसालाही भीती वाटली होती. फक्त ती आमच्यापेक्षा उशिरा पोचली होती.

तीन वाजता लेल्यांनी उपसूचना मागे घेतली आणि पाळणाघर या नावाने नवं लेखाशीर्ष मागितलं. रंगारी साहेबांना ज्याचं भय होतं तेच लगेच झालं. नाव कानावर पडताच एक जण उठून म्हणाले, मग शुल्क लावा, फुकट का. त्या शुल्कावर तासभर चर्चा झाली. त्याच दिवशी एक अख्खा उड्डाणपूल सात मिनिटांत मंजूर झाला होता. शेवटी दरमहा थोडं शुल्क बसलंच. ते ऐकून रंगारी साहेब दोन दिवस जेवले नाहीत. मग हौसाबाईंना कसं सांगायचं म्हणून मलाच पाठवलं. हौसाबाई म्हणाल्या, "दितील की बाया. पर पावती पायजे. पावती असली की कुनी उटवत न्हाई."

हे मी परत येऊन सांगितलं, तेव्हा रंगारी साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बावीस वर्षांत आपल्याला सुचलं नाही ते या बाईला उभ्या उभ्या सुचलं.

महिन्याभरात त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. सभेत विनापरवानगी बोलणे, आणि खर्च चुकीच्या लेखाशीर्षाखाली दाखवणे. आम्हाला वाटलं, ते आता उत्तराचे चाळीस कागद लिहिणार. त्यांनी मला दाखवलं तेव्हा कागदावर एवढंच होतं: 'दोन्ही गोष्टी मी केल्या आहेत.' पानसे बाईंनी तो कागद टाइप केला, काढला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "रंगारी, यात शुद्धलेखनाची चूक नाही. म्हणजे जाऊ द्या हा असाच." एवढं कौतुक त्या बाईंनी आयुष्यात दुसऱ्या कोणाचं केलं नसेल. एक वेतनवाढ रोखली गेली, आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मुख्य लेखापालांचं काही झालं नाही. दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्या खिशात होत्या आणि खिसा त्यांच्या घरी धुतला गेला.

सभेच्या इतिवृत्तात रंगारी साहेब बोलल्याची नोंद नाही. म्हणून इथे करून ठेवतोय. मी सांगतोय म्हटल्यावर अर्धे लोक विश्वास ठेवणार नाहीत, तरी ठेवतोय.

पुढच्या वर्षीच्या सभेत त्यांच्या खुर्चीवर मी होतो. मान वर केली तर नागरिकांच्या गॅलरीत, पहिल्या रांगेत, रंगारी साहेब. पास काढून आले होते. तोंड पांढरं पडलेलं. पाळणाघर स्वतःच्या नावाने पुस्तकात छापून सभेपुढे येण्याची ही पहिली वेळ. क्रमांक वाचले जात होते, एकेक पुढे सरकत होता, आणि मी गठ्ठ्याची एकच गाठ सोडत होतो, पुन्हा बांधत होतो. लेले त्या दिवशी परगावी होते. कोणी उठलं तर उत्तराची चिठ्ठी लिहायला मीच होतो, आणि मला स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता.

क्रमांक आला. नाव वाचलं गेलं. कोणीतरी बाकावर हालचाल केली, मी डोळे मिटले. उघडून बघतो तर तो नगरसेवक बाटलीतलं पाणी पीत होता. "मंजूर," महापौरबाई म्हणाल्या, आणि पान उलटलं.

मी वर बघितलं तर गॅलरीतली ती खुर्ची रिकामी होती. खाली पाणीपट्टीचा विषय सुरू होत होता, अख्खं सभागृह सरसावून बसलं होतं, गॅलरीत लोक आणखी आत घुसत होते. पाणीपट्टी तर रंगारी साहेबांच्या दोन खोल्यांनाही वाढणार होती. ते ऐकायला ते थांबले नाहीत.

मला उठता येत नव्हतं, पण खिडकी शेजारी होती. खाली रस्त्यावर ते दिसले. पुलाच्या बाजूला जायचं होतं आणि मधून एका कंपनीची मोठी निळी बस भरधाव येत होती, काचा काळ्या. रंगारी साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. नुसता हात वर केला आणि निघाले. बस करकचून थांबली, ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. ते पलीकडे पोचलेही होते. साठीला टेकलेला माणूस, पांढरा बुशशर्ट, पुलावरून चक्क पळत होता. झाडूकाम करणाऱ्या बायकांची पाळी बाराला सुटते. त्या पोरं घेऊन घरी जायच्या आत रंगारी साहेबांना 'मंजूर' हे सांगायला तिथे पोचायचं होतं.